चकवा, छातीवर बसणारं आणि पत्र्यावरची पावलं: भुताटकीचा नाद असणाऱ्यांसाठी थोडं सोपं करून

सोलापुरात भुताच्या गोष्टींचा नाद असलेली माणसं लई आहेत, फक्त ती एकमेकांना पटकन सापडत नाहीत, कारण ऑफिसात किंवा घरी विषय काढला की एकतर लोक हसतात नाहीतर लगेच कुठल्या तरी बाबाचा पत्ता देतात. आमचा जो छोटासा कट्टा जमलाय तो या दोन्हीच्या मधला आहे. त्यात एक वायरमन आहे, रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर आहेत, मिलमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोन-तीन कॉलेजची पोरं आहेत. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, पण हडळ, मुंजा, खवीस आणि चकवा यांच्यावर सगळ्यांचं सारखंच प्रेम. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळं त्यावर उभं आहे. ज्याला दिसलं त्याला दिसलंच. तो खोटं बोलत नाही, त्याला वेड लागलेलं नाही. पण "मला दिसलं" आणि "तिथं ते होतं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि या दोघांच्या मधे जे काही घडतं ना, तोच या नादातला सगळ्यात भारी भाग आहे असं मला मनापासून वाटतं. लोक एकतर पहिल्या वाक्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, नाहीतर दुसरं खोटं म्हणून पहिलंपण फेकून देतात. दोन्हीत ज्याला अनुभव आला तो माणूस एकटा पडतो.

हा नाद नवीन नाही. लंडनमधे १८६२ साली घोस्ट क्लब नावाची मंडळी जमली होती, आणि १८८२ मधे तिथंच सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही अशा अनुभवांचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली, तिच्यात प्रोफेसर, शास्त्रज्ञ अशी शिकलेली माणसं होती. त्यांनी एक मोठं काम केलं. साधारण १७ हजार लोकांना एकच प्रश्न विचारला, की पूर्ण जागे असताना तुम्हाला कधी असं काही दिसलं, ऐकू आलं किंवा स्पर्श झाला का ज्याचं बाहेर काही कारण नव्हतं. १८९४ ला निकाल छापला, आणि दहातल्या साधारण एकानं हो म्हटलं होतं. म्हणजे आपल्याकडच्या लग्नात शंभर माणसांची पंगत बसली तर त्यातले दहाजण असं काहीतरी मनात ठेवून जेवत असतील, आणि त्यांनी ते शेजारच्याला कधी सांगितलेलं नसेल. आपल्याला हे आकडे माहीत असले की समोरचा सांगायला लागल्यावर आपण जरा नीट ऐकतो.

आता चकव्यावर येऊ, कारण आपल्या भागात याच्याइतकी दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, कुठंही जा, कुणाच्या तरी आजोबाला चकवा लागलेला असतोच. गोष्ट ठरलेली असते: रात्री रानातून निघाला, वाट पायाखालची होती, चालून चालून दमला, आणि बघतो तर परत त्याच बांधावर, त्याच बाभळीपाशी. तीन-तीन वेळा. शेवटी पहाट झाली तेव्हा कळलं की घर दोन शेतं पलीकडं होतं.

२००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी काही जणांना जीपीएस लावून एका मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा, तासन्‌तास. काहींना सहारा वाळवंटात, ट्युनिशियाच्या बाजूला. जंगलात आभाळ भरलेलं असताना जे चौघं चालले ते चौघंही गोल फिरले, त्यातले तिघं तर पुन्हा पुन्हा स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्तासुद्धा नव्हता. ज्यांच्या डोक्यावर ऊन होतं ते बऱ्यापैकी सरळ गेले. वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र दिसत होता तोवर सरळ होता, चंद्र ढगात गेला आणि तो वळायला लागला. डोळे बांधून चालवलं तर लोक कधीकधी फक्त २० मीटर रुंदीच्या गोलात फिरत राहिले, म्हणजे एखाद्या मोठ्या हॉलमधे मावेल एवढ्या जागेत, आणि प्रत्येकाला खात्री होती की आपण नाकासमोर चाललोय.

कारण काय? लोक म्हणायचे एक पाय लांब असतो म्हणून माणूस एका बाजूला वळतो, पण त्यांनी तेही तपासलं आणि तसं निघालं नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडं वळायचा कधी उजवीकडं. खरं कारण असं की "समोर म्हणजे कुठं" हे मेंदू कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवावरून, पायाच्या स्नायूंवरून, नजरेवरून सतत अंदाजानं ठरवत असतो, आणि प्रत्येक पावलाला त्या अंदाजात थोडीशी चूक होते. दिवसा लांबचं देऊळ, डोंगर, सूर्य, विजेचे खांब बघून ती चूक आपोआप दुरुस्त होते. काहीच दिसत नसलं की चूक दुरुस्त होत नाही, ती पुढच्या चुकीत मिसळत जाते, आणि माणूस वळतो.

आता आपलं रान बघा. सोलापूरची जमीन सपाट, डोंगर नाही की दरी नाही, आणि रब्बीची मालदांडी ज्वारी जानेवारीत माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. त्या पिकातून अंधारात चाललेल्या माणसाला लांबचं काहीच दिसत नाही, त्यात अमावस्या असली तर चंद्रपण नाही. चकवा अमावस्येला लागतो असं म्हणतात ते मला अगदी पटतं, लागणारच. आणि त्यावरचा गावाकडचा उपाय मला फार आवडतो: चालणं बंद करायचं, आहे तिथं खाली बसायचं, तंबाखू मळायची, उजाडायची वाट बघायची. कुणी सदरा उलटा करून घालायला सांगतं. त्यासाठीपण थांबावंच लागतं ना. थांबलं की चूक वाढायची थांबते, डोळे अंधाराला सरावतात, धडधड कमी होते, कुठंतरी कुत्रं भुंकतं आणि गावाची दिशा कळते. ज्यांनी हा उपाय शोधला त्यांच्याकडं जीपीएस नव्हता, पण त्यांनी अनुभव नीट बघितला होता. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. कारण सांगताना भूत आलं असेल, पण निरीक्षण पक्कं होतं.

दुसरा नंबर छातीवर बसणाऱ्याचा. आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या नवीन माणसाचा पहिला अनुभव बहुतेक हाच असतो. पहाटे जाग आली, डोळे उघडे आहेत, खोली दिसतीय, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे आणि ते येऊन छातीवर बसतं, श्वास कोंडतो. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि याचं गणित आता बऱ्यापैकी सुटलंय. झोपेत एक टप्पा असतो ज्यात आपल्याला सगळ्यात रंगीत स्वप्नं पडतात, आणि त्या टप्प्यात मेंदू शरीराचे स्नायू जवळपास बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पळू आणि गच्चीवरून खाली पडू. कधीकधी मेंदू जागा होतो पण ते कुलूप उघडायला उशीर होतो. मग तुम्ही जागे, शरीर बंद, आणि स्वप्न अजून चालू. त्यात भीती ओळखणारा मेंदूचा भाग पूर्ण सावध झालेला, तो म्हणतो इथं कुणीतरी आहे, आणि उरलेलं चित्र स्वप्न भरून देतं. छातीवर दाब का? कारण त्या टप्प्यात बरगड्यांचे स्नायूपण ढिले असतात, श्वास उथळ चालू असतो, तो पुरेसा असतो, पण तुम्ही घाबरून खोल श्वास घ्यायला जाता आणि तो येत नाही.

२०११ मधे जुन्या ३५ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली होती, ३६ हजारांहून जास्त लोकांची, त्यात साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं, आणि विद्यार्थ्यांमधे तर २८ टक्क्यांच्या आसपास. विद्यार्थी जास्त, कारण झोप अपुरी आणि वेळीअवेळी. आपल्याकडं त्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, रिक्षावाले, सिस्टर, वॉचमन हे सगळे धरा. उताणं झोपलं की जास्त होतं. आमच्या सिस्टर नेहमी सांगतात, कुशीवर झोपा, झोपायची वेळ पाळा, आणि झालंच तर सगळं अंग हलवायला जाऊ नका, फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, ते काही सेकंदात किंवा एक-दोन मिनिटात आपोआप सुटतं. वारंवार होत असेल, दिवसा पण अचानक झोप लागत असेल, तर डॉक्टरला दाखवा.

पत्र्यावरची पावलं हे आमच्या वायरमनचं आवडतं प्रकरण. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. रात्री पत्रा गार होतो आणि आकसतो. हिशोब सोपा आहे, एक मीटर लोखंड एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन आकसतं, म्हणजे तीन मीटरचा पत्रा ३० अंश गार झाला की जवळपास एक मिलिमीटर. पण तो स्क्रूनं आवळलेला असतो, त्यामुळं हळूहळू सरकत नाही, ताण साठतो आणि मग एकदम सुटतो, टक. मग पुढच्या स्क्रूपाशी, टक. वर कुणीतरी चालत गेल्यासारखं. ते थांबून थांबून येतं म्हणून जास्त भीती वाटते. याच्यात मांजर, उदमांजर, आणि पडक्या इमारतीत राहणारं गव्हाणी घुबड धरा. त्याची किंचाळी ज्यानं पहिल्यांदा रात्री ऐकली त्याला कुणी भित्रा म्हणू नये, बाईनं किंकाळी फोडल्यासारखा आवाज असतो तो, आणि पिल्लं घरट्यात असली तर कुणीतरी दात-ओठ खाऊन श्वास घेतंय असं वाटतं.

बंद मिलच्या गोष्टी थोड्या वेगळ्या. सोलापुरातली जुनी मिल १८७७ पासूनची, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, हजारो माणसं भोंग्यावर उठणारी, आणि मग एकेक करत सगळं बंद. आमचे मिलवाले काका म्हणतात, जिथं तीन पाळ्यांत आवाज थांबत नव्हता तिथं शांतता झाली की कानाला ती सहन होत नाही. मला वाटतं मिलच्या भुतांच्या गोष्टींत अर्धी भीती आणि अर्धी आठवण असते. त्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या पाहिजेत, त्यात पगाराचा दिवस, जेवणाचे डबे, अपघात, संप सगळं येतं. फक्त जिथं खरंच माणसं गेली आहेत तिथं जाऊन किंचाळणारे व्हिडिओ करू नका. त्यांच्या घरचे लोक इथंच राहतात.

यंत्रांच्या आवाजाचा एक फार गाजलेला किस्सा आहे. इंग्लंडमधे व्हिक टँडी नावाचे इंजिनिअर एका लॅबमधे काम करायचे. तिथं लोकांना उदास वाटायचं, थंडी वाजायची, आणि एका रात्री त्यांना स्वतःला नजरेच्या कडेला करड्या रंगाची आकृती दिसली, वळले तर गायब. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचं पातं पकडीत लावलं होतं, ते आपोआप थरथरायला लागलं. शोधल्यावर कळलं की नवीन बसवलेल्या पंख्यामुळं खोलीत सेकंदाला साधारण १९ कंपनांचा आवाज घुमतोय, आणि माणसाचा कान २० च्या खालचं सहसा ऐकत नाही. पंख्याची व्यवस्था बदलली, भूत गेलं. १९९८ ला त्यांनी हे छापलं.

इथंच बरेच जण थांबतात आणि "इन्फ्रासाउंडनं, म्हणजे असल्या ऐकू न येणाऱ्या खोल आवाजानं, भूत दिसतं" असं ठोकून देतात. थांबू नका. लंडनमधे क्रिस फ्रेंच हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी मुद्दाम एक खोलीच तयार केली, त्यात कधी इन्फ्रासाउंड, कधी चुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही, आणि ७९ जणांना एकेकटं आत सोडलं. तुम्हाला काहीतरी विचित्र जाणवू शकतं एवढं आधी सांगितलं होतं. २००९ मधे निकाल आला: बऱ्याच जणांना चक्कर, कुणीतरी असल्याची जाणीव, अंगावर काटा असं काय काय झालं, पण यंत्र चालू होतं की बंद याचा त्याच्याशी संबंधच लागला नाही. "काहीतरी जाणवू शकतं" हे आधी ऐकलेलं असणं एवढंच पुरलं असावं. हा अभ्यास मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो, कारण आपण एखाद्या वाड्यात जायच्या आधी चहाच्या टपरीवर काय करतो? त्या वाड्याच्या सगळ्या गोष्टी ऐकून घेतो. मग आत जातो.

भूत शोधायला लोक जी गॅजेट घेऊन फिरतात त्यांच्याबद्दल थोडक्यात. लाल दिवे लागणारा तो मीटर विजेच्या तारांभोवतीचं क्षेत्र मोजायला असतो, जुन्या वाड्यातलं वायरिंग, शेजारचा इन्व्हर्टर, खिशातला मोबाईल, सगळ्याला तो वाजतो. बंदुकीसारखं थर्मामीटर हवेचं तापमान सांगतच नाही, समोरच्या भिंतीचं सांगतं. फोटोतले पांढरे गोळे म्हणजे लेन्सच्या अगदी जवळची धूळ किंवा किडा, त्याच्यावर फ्लॅश पडलेला, आणि सोलापुरात धूळ किती हे मी सांगायला नको.

आवाजाच्या रेकॉर्डिंगवर मात्र थोडं थांबतो. १९५९ ला स्वीडनमधल्या फ्रीडरिश युर्गेन्सन यांना पक्ष्यांचे आवाज टेप करताना माणसांचे आवाज ऐकू आले, आणि पुढं कॉन्स्टान्टिन राऊडिव्ह यांनी असे हजारो तुकडे गोळा केले. त्यांचं म्हणणं असं होतं की हे आवाज एकाच वाक्यात वेगवेगळ्या भाषा मिसळून बोलतात. राऊडिव्हना स्वतःला बऱ्याच भाषा येत होत्या. आमच्या कट्ट्यावर आम्ही एक खरखरणारा तुकडा काहीही न सांगता सगळ्यांना ऐकवला. मराठी घरातल्या पोराला "जा इथनं" ऐकू आलं, शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मित्राला तेलुगू शब्द, अक्कलकोटच्या पोराला कन्नड. मग एकानं आपला अर्थ मोठ्यानं सांगितला आणि त्यानंतर कुणालाच दुसरं काही ऐकू येईना. कान शब्द शोधत असतो, मिळाले नाहीत तर बनवतो. तुम्हीपण करून बघा, फक्त आधी अर्थ सांगायचा नाही, प्रत्येकानं कागदावर लिहायचं.

प्लँचेट, म्हणजे ती वाटी किंवा नाणं सरकतं ते, तर त्याच जातीचा एक प्रकार विजेवर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ मधेच तपासला होता. तेव्हा लोक टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल फिरायचं. त्यांनी हात आणि टेबलाच्या मधे चिकट पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि दाखवलं की आधी हात सरकतो, मग टेबल. बसलेले लोक फसवत नव्हते, त्यांना आपला हात ढकलतोय हे कळतच नव्हतं. डोळे बांधा, अक्षरांची पाटी गुपचूप फिरवा, आणि मग वाटी काय लिहिते ते बघा.

एक गोष्ट मात्र मजेची अजिबात नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना रात्री पावलं ऐकू यायची, आकृत्या दिसायच्या, सगळ्यांची डोकी दुखायची, मुलं मलूल, कुंडीतली झाडं मरायला लागली. निघालं काय, तर घर गरम करायची भट्टी बिघडलेली आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साठत होता. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडं थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवतात, बिनखिडकीच्या बाथरूममधे गॅस गीझर असतो. घरात सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, गरगरतंय, आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय, तर आधी खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसांना बाहेर काढा आणि दवाखान्यात न्या. घराला काय झालंय ते नंतर बघू.

आणि माणसाच्या अंगात काहीतरी शिरलंय असं कुणी म्हणत असेल तर आमचा कट्टा तिथं तपासायला जात नाही. एखादी मुलगी बडबडतीय, कुणाला झटके येतायत, कुणाला सतत आवाज ऐकू येतायत, हे डॉक्टरांचं काम आहे, सिव्हिलला मानसिक आजारांचे डॉक्टर असतात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास लागतो. भूत उतरवायचं म्हणून मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजार ते ५० हजार दंड. या कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. भुताच्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्यांनी तर हा कायदा आधी वाचायला पाहिजे. कुणाच्या घरी जाऊन "इथं काहीतरी आहे" असं एक वाक्य बोलून आपण निघून येतो, आणि नंतर त्या घरातल्या सुनेवर काय येतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून आमच्यात ते वाक्य बोलायला बंदी आहे, कितीही भारी अनुभव आला तरी.

मग आम्ही नेमकं करतो काय, तर लिहून घेतो. सांगणाऱ्याला मधे तोडायचं नाही, "भूतच असेल" म्हणायचं नाही, "भास असेल" पण म्हणायचं नाही. त्याच्याच शब्दांत सगळं, मग प्रश्न: तारीख, वेळ, चंद्र होता का, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण कधी झालं, कुशीवर होता की उताणा, खिडकी बंद होती का, गीझर किंवा शेगडी चालू होती का, नवीन गोळ्या सुरू आहेत का, घरात कुणी वारलंय का अलीकडं. हा शेवटचा प्रश्न हळू विचारायचा, कारण गेलेलं माणूस दिसणं किंवा त्याचा आवाज ऐकू येणं हे दुःखात फार जणांना होतं, आणि त्यांना तपासणी नको असते, कुणीतरी शांत बसून ऐकणारं हवं असतं. तिथं वही मिटायची. बाकीच्यांना मात्र एक प्रश्न आम्ही कधीच सोडत नाही: त्या जागेबद्दल तुला आधी कुणी काय सांगितलं होतं, आणि ते कुणी सांगितलं होतं. मग त्या माणसाकडं जायचं, त्याला कुणी सांगितलं ते विचारायचं, आणि असं मागं मागं जात राहायचं.